बिनगाठीचा झगा

“मेल्यावर माणूस लांब होतं की काय, रंगण्णा?”

रंगराव उकिडवे बसून लूर्दम्माचं माप घेत होते. टेपचं वरचं टोक तिनं स्वतःच खांद्याशी धरलं होतं. खालचं टोक रंगरावांनी तिच्या पायांच्याही पुढे, थेट फरशीवर टेकवलं होतं.

“असं का विचारतेस?”

“मी तर इथं संपले की. पाय दिसतात मला माझे. पुढचं माप कुणाचं घेताय?”

“पाण्यात कापड वर तरंगतं. थोडं लांब असलेलं बरं,” रंगराव म्हणाले आणि टेप गुंडाळत उठले. उठताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

लूर्दम्मा हसली. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई ती. समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही, हे तिला नाडी न धरता कळायचं.

म्हैसूरच्या अग्रहार भागात रंगरावांचं घर. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान, मधे राहतं घर आणि मागच्या अंगणात न्हाणीघरापलीकडे एक सुटी खोली. त्या खोलीत लूर्दम्मा नवऱ्याबरोबर भाड्यानं राहायला आली, तेव्हा रंगरावांच्या डोक्यावर दाट केस होते. पुढे नवरा गेला, केसही गेले, लूर्दम्मा मात्र राहिली. रंगरावांची बायको इंदिराबाई आणि ती सकाळची कॉफी बरोबरच पीत आल्या. घरातलं ते कन्नड मिसळलेलं मराठी लूर्दम्मानं इतकं उचललं होतं, की नव्या गिऱ्हाइकाला ती रंगरावांची धाकटी बहीणच वाटायची. मग तिच्या गळ्यातला क्रूस दिसला की गिऱ्हाईक गोंधळायचं आणि लूर्दम्मा गालातल्या गालात हसायची.

तिला हिंडण्याची भारी हौस. हिंडणं म्हणजे देवाचंच. जूनमध्ये डोर्नहळ्ळीच्या संत अंतोणीला चालत जायची, सप्टेंबरात बसनं वेलांकणीच्या मातेला. तिचं नावसुद्धा एका यात्रेचंच. दूर फ्रान्समध्ये लूर्द म्हणून गाव आहे, तिथल्या मातेवरून आईनं ते ठेवलेलं. “आईला जाता येत नव्हतं, म्हणून माझं नाव ठेवून घेतली,” असं ती सांगायची. लूर्दला जायचं तिलाही कधी जमलं नाही. पण सत्तरी जवळ आल्यावर तिनं एकदम मोठा घास घेतला. चर्चमधून जेरुसलेमच्या यात्रेला मंडळी निघाली होती, त्यात नाव घातलं. बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम आणि यार्देन नदी. येशूचा बाप्तिस्मा ह्याच नदीत झाला. तिथे यात्रेकरू पांढरा झगा घालून पाण्यात उतरतात, बुडी घेतात आणि लहानपणी आईबापांनी आपल्या वतीनं दिलेला शब्द स्वतःच्या तोंडानं पुन्हा देतात.

झगे नदीवर भाड्यानं मिळत होते. लूर्दम्माला भाड्याचा नको होता. दवाखान्यात तिच्याबरोबर एलियम्मा म्हणून एक मल्याळी सिस्टर होती. तिच्या आजीनं यार्देनमध्ये घातलेला झगा वाळवून पेटीत जपला होता आणि आजी गेली तेव्हा तिला तोच घालून पुरलं होतं. ही गोष्ट लूर्दम्माच्या मनात कायमची बसली होती.

“भाड्याचं घालून पुरून घेऊ काय? वर गेल्यावर कुणी परत मागायला आलं म्हणजे?” ती म्हणाली. “तुम्हीच शिवा, रंगण्णा. तुमच्या हातचं घालून बुडते, वाळवते, पेटीत ठेवते. मागाहून मला तेच घाला म्हणून सांगायचं. इंदिरक्का, तू साक्षी.”

“सुम्मने, गप्प राहा की,” आतून इंदिराबाईंचा आवाज आला. “जायच्या आधी कशाला जायच्या गोष्टी?”

पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी लूर्दम्माच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर होता. काढला तेवढा काढला, उरला तेवढा उरला. रिपोर्ट तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही. यात्रेला जाऊ का, म्हणून विचारायला ती गेली तर डॉक्टर “खुशाल जाऊन या” म्हणाले. “डॉक्टर पथ्य सांगायचे थांबले की समजायचं,” हे तिनं घरी येऊन भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. रंगरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पांढरं पॉपलीन आलं. रंगरावांनी ते भिजवून, वाळवून, बेतून ठेवलं आणि मग बरेच दिवस ते टेबलावर नुसतं पडून राहिलं.

रंगराव जातीनं शिंपी आणि धंद्यानंही शिंपी. मशिनच्या वर भिंतीला विठ्ठलाची तसबीर. ती त्यांच्या वडिलांनी लावलेली, आणि तसबिरीबरोबर वडिलांनी एक नेमही मागे ठेवलेला. मेलेल्या माणसाच्या कापडाला मशिन लावायचं नाही आणि गाठ मारायची नाही. हातानं लांब लांब धावदोरा घालायचा आणि शेवटी दोरा मोकळा सोडायचा. गाठ मारली तर जीव कापडात अडकून राहतो, असं वडील म्हणायचे. रंगरावांनी ह्यावर कधी वाद घातला नाही आणि कधी कुणाला ते पटवायलाही गेले नाहीत. आईचं शेवटचं कापड त्यांनी तसंच शिवलं. थोरल्या भावाचंही.

आता हा झगा कुठल्या हिशेबात धरायचा? मशिनपाशी बसले की त्यांचा हात थांबायचा. लूर्दम्मा एक दिवस निघून जाणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जाताना तिची वाट मोकळी असावी, आपल्या एका गाठीपायी ती कुठे अडकून पडू नये, एवढंच त्यांच्या मनात यायचं. बहिणीवर करावी तशी माया त्यांनी तिच्यावर केली होती आणि त्या मायेपोटीच त्यांची अक्कल गहाण पडली. समोर उभी असलेली, हसणारी, कॉफीत साखर कमी म्हणून भांडणारी बाई त्यांना दिसेनाशी झाली. दिसत होती ती फक्त पुढची, डोळे मिटलेली.

एका दुपारी इंदिराबाई दुकानात डोकावल्या, तर नवरा खिडकीपाशी बसून हातानं शिवत होता.

“मशिन बिघडलं काय?”

“नाही.”

“मग हातानं कशाला?”

रंगरावांनी दोरा ओढून पुढचा टाका घातला. इंदिराबाईंनी जवळ येऊन शिवण हातात घेतली आणि बोटांनी तिच्या टोकापर्यंत गेल्या. टोकाला गाठ नव्हती. पन्नास वर्षं त्या ह्या घरात होत्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

“अहो, ती जिती आहे की!”

“मला ठाऊक नाही काय?”

“मग हे काय केलात?”

“एकदा बुडणार, वर येणार. तेवढ्याला टिकतंय. दुहेरी दोरा घातलोय. सुती दोरा भिजला की आवळतो. नंतर तर पेटीतच ठेवायचंय की.”

“तिला सांगितलात?”

“काय सांगू? तुझ्या मड्याचं शिवलो म्हणून सांगू?”

“हे बरोबर नव्हे, मला सरी वाटत नाही,” इंदिराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी कॉफीचा लोटा टेबलावर जरा जास्तच जोरात ठेवला. रंगरावांनी ओळखलं, पण झगा तसाच पुरा केला, इस्त्री केली आणि कागदात गुंडाळून लूर्दम्माला दिला. तिनं तो छातीशी धरला आणि चर्चमध्ये करतात तसा त्याला क्रूस केला. तेव्हासुद्धा त्यांना बोलता आलं असतं. बोलले नाहीत.

यात्रेहून लूर्दम्मा परत आली ती उन्हानं काळवंडलेली आणि आणखी वाळलेली. पण तोंडाला खळ नव्हता. घरी पिशवी टाकली आणि थेट दुकानात येऊन बसली. इंदिराबाईंना खजूर, रंगरावांना ऑलिव्हच्या लाकडाची छोटी पेटी, त्यांची नात वर्षिणी हिला मोत्यांचं कानातलं. मग गोष्टी सुरू झाल्या. बेथलेहेमच्या देवळाचं दार इतकं बुटकं, की राजालासुद्धा वाकूनच आत जावं लागतं. जेरुसलेममध्ये एक शिळा आहे. क्रुसावरून उतरवल्यावर येशूला तिच्यावर निजवलं होतं. माणसं गुडघ्यावर बसून तिला रुमाल घासतात आणि तो रुमाल घरी नेतात. तिनंही घासला. इंदिराबाईंना तो हुंगायला दिला. खरंच अत्तराचा वास येत होता.

“आणि यार्देन?” इंदिराबाईंनी विचारलं.

“पाणी गार, अक्का. लई गार,” लूर्दम्मा म्हणाली आणि उंटावर आली. उंटाची गोष्ट बराच वेळ चालली.

उंट संपल्यावर रंगरावांनी हळूच विचारलं, “झगा दे की, इस्त्री करतो. ओलं तसंच घडी घातलीस तर डाग पडतो.”

“ठेवलेय पेटीत. बेडा, नको आता. नंतर बघू.”

त्यांना जरा चुटपुट लागली, पण बाई दमली असेल म्हणून त्यांनी विषय सोडला.

दोन-तीन दिवसांनी लूर्दम्मानं आपला फोन वर्षिणीकडे दिला. भिंतीवर लावायला दोन चांगले फोटो निवडून छापून आणायचे होते. वर्षिणी कॉलेजात शिकते. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र वाक्य अर्ध्यात कन्नडमध्ये घसरतं. ती दुकानातल्या स्टुलावर बसून फोटो बघत होती. मधेच खुदकन हसली आणि हसता हसता गप्प झाली.

“अज्जा, इल्लि नोडी, इकडे बघा. लूर्दज्जीचा ड्रेस... एनो आयतु, काहीतरी झालं.”

रंगरावांनी चष्मा सारखा केला. यात्रेतल्या कुणीतरी काढून लूर्दम्माला पाठवलेला व्हिडिओ होता तो. मातकट हिरवं पाणी, लाकडी पायऱ्या, पांढऱ्या झग्यांची रांग. लूर्दम्मा कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. कमरेएवढ्या पाण्यात गेली, थांबली, कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. बुडी घेण्याआधी तिनं दोन्ही हात पसरले, आणि उजवी बाही खांद्यापासून अलगद सुटली. ती दचकून वळली, तशी बाजूची शिवण बगलेपासून खालपर्यंत उघडत गेली. आतला परकर, ब्लाउज, ऑपरेशननंतर खपाटीला गेलेलं पोट, सगळं दिसायला लागलं. कुणीतरी “अय्यो” म्हणालं. कुणीतरी हसलं. लूर्दम्मानं दोन्ही मुठींत कापड गोळा केलं आणि ती पायऱ्या चढून वर आली. तिचे केस कोरडे होते. व्हिडिओ तिथं संपला.

“परत लाव,” रंगराव म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांनी नदी बघितली नाही, माणसं बघितली नाहीत. फक्त शिवण बघितली. एकेक टाका कसा निसटत गेला, ते त्यांना घरबसल्या दिसलं. तिसऱ्यांदा लाव म्हणाले तेव्हा वर्षिणीनं फोन काढून घेतला. “साकु, अज्जा. पुरे.”

लूर्दम्मा मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. रंगराव धुण्याच्या दगडावर टेकले.

“बुडी घेतलीच नाहीस तू.”

लूर्दम्माचा हात थांबला. “त्या पोरीला फोटो काढ म्हणाले मी. बाकीचं बघ म्हणून कुठं सांगितले?”

“मला का सांगितली नाहीस?”

“काय सांगू? कापड कच्चं निघालं असेल म्हणून सोडले. तुमच्या शिलाईला मी नाव ठेवू काय?”

“कापड कच्चं नव्हतं. मीच तसं शिवलो.”

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. वडिलांचा नेम, आईचं कापड, भावाचं कापड, मोकळा सोडलेला दोरा. सांगताना त्यांना आतून वाटत होतं, की ही आता हसेल. कशालाही हसायची ती. नवऱ्याच्या मातीच्या दिवशी पाद्रीबाबांची चप्पल चिखलात अडकली तेव्हासुद्धा हसली होती. आज हसली नाही.

“म्हणजे मी तुमच्यासमोर उभी होते, आणि तुम्ही मेलेलीचं माप घेत होता.”

“तसं नव्हं, लूर्दम्मा...”

“तसंच की. डॉक्टर मला तसंच बघतात. वॉर्डातल्या पोरी तसंच बघतात. मीपण जन्मभर लोकांना तसं बघितलेय, मला कळतं. चर्चमध्ये आता मला उठून पुढची जागा देतात. ह्या घरात तेवढं तसं नव्हतं. इथं मी जिती होते.” तिनं हातातला लसूण ताटलीत टाकला. “यार्देनचं सोडा. ते झालं गेलं. पण तुम्ही, रंगण्णा?”

ती उठली, लसणाची ताटली उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर रंगरावांना बरं वाटलं असतं.

“पुरायचं म्हणून तीच म्हणाली होती की!” रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले.

“ती म्हणणारच,” इंदिराबाईंनी भात वाढत सांगितलं. “ती म्हणाली तर आपण नाही म्हणायचं असतं.”

त्यानंतर लूर्दम्मा सकाळच्या कॉफीला येईना. इंदिराबाई लोटा तिच्या दारात नेऊन द्यायच्या, थोडा वेळ तिथेच बसायच्या आणि रिकामा लोटा घेऊन यायच्या. काय बोलणं झालं ते सांगायच्या नाहीत. रंगराव दुकानात बसून एका गिऱ्हाइकाची पँट दोनदा चुकीची कापता कापता वाचले. शेवटी त्यांनी आपल्या परीनं एक तोड काढली आणि मागच्या दारात जाऊन उभे राहिले.

“लूर्दम्मा, उद्या श्रीरंगपट्टणाला जाऊ. रिक्षा सांगतो. कावेरीपण पवित्रच की. तिथं बुडी घे.”

आतून तिखट आवाज आला, “कावेरी ती कावेरी. येसुस्वामी यार्देनेत उतरला होता. आणि तिथं तुम्ही लोक राख सोडता की! म्हणजे परत मेलेलीच धरलात मला.”

रंगराव आल्या पावली परत फिरले. स्वयंपाकघरात इंदिराबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. रंगरावांना त्याचाही राग आला नाही, इतके ते खचले होते. पण तो तिखट आवाज त्यांच्या कानात घुमत राहिला. असा आवाज मरणाऱ्या बाईचा नसतो, हे त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि देवराज अरस रोडवर कापड घ्यायला गेले. जन्मभर गिऱ्हाइकानं आणलेलं कापड त्यांनी शिवलं होतं. स्वतः रंग निवडायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे दुकानातल्या पोरीनं पुढ्यात थप्पीवर थप्पी टाकली तेव्हा ते भांबावून गेले. पांढरं तेवढं त्यांनी आधी बाजूला करायला सांगितलं. मग करडं, मग बदामी, मग तिच्या वयाला शोभतील असे सगळे रंग बाजूला केले. शेवटी पोपटी उरला, जरीच्या बारीक काठाचा.

गळ्यात टेप अडकवून ते पुन्हा मागच्या दारात गेले.

“आता काय?” लूर्दम्मानं दार अर्धवट उघडलं.

“ब्लाउज. क्रिसमसचा.”

“अजून दसरा झाला नाही!”

“मागाहून गर्दी होते.”

“पेटी भरून ब्लाउज आहेत माझे. ते कोण घालणार?”

“ते सगळे सैल झालेत तुला. मला दिसतंय की,” रंगराव म्हणाले. म्हणताना ते थेट तिच्याकडे बघत होते. तिच्या खांद्यांची हाडं दिसत होती, आणि तिचे डोळे रागानं चांगले चमकत होते. दोन्ही त्यांनी बघितलं.

लूर्दम्मानं कापड हातातून घेतलं, उजेडात धरलं. “हा रंग? ह्या वयात? पाद्रीबाबा मला चर्चबाहेर काढतील.”

“काढू देत.”

ती थोडा वेळ कापडाच्या जरीवर बोट फिरवत राहिली. मग अंगणात येऊन माप द्यायला उभी राहिली. रंगरावांना तिची मापं वर्षानुवर्षं पाठ होती, पण आज त्यांनी प्रत्येक माप नव्यानं घेतलं. प्रत्येक कमीच येत होतं. एरवी ते माप मोठ्यानं म्हणायचे. आज मनात ठेवत गेले. मधेच त्यांनी उगीच टेप झटकला.

“बुडी राहिली म्हणून मला तेवढं वाटलं नाही हो,” लूर्दम्मा आपण होऊन बोलायला लागली. “वर आले, पायरीवर बसले. थंडीनं दात वाजत होते, लाजेनं मेले. माझ्या मागं रांगेत एक बाई होती. काळी, उंच, कुठल्या देशाची काय की. ती आपली शाल काढून माझ्यावर घातली. मग परत खाली गेली आणि ओंजळ भरून पाणी घेऊन आली. पायऱ्या चढताना निम्मं सांडलं. उरलेलं माझ्या डोक्यावर ओतली आणि काहीतरी म्हणाली. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही. आमेन तेवढं कळलं. मग मीपण आमेन म्हणाले. रडलो दोघी.”

“व्हिडिओत ते नव्हतं.”

“ते कोण काढणार? हसण्यासारखं होतं तेवढं काढले.”

“आणि बाही?”

“बाही गेली की वाहत! नदीत मधोमध दोरी बांधलेली असते, रंगण्णा. अलीकडं एक देश, पलीकडं दुसरा. दोन्हीकडं शिपाई बंदूक घेऊन उभे. माझी बाही दोरीखालून पलीकडं गेली. पासपोर्ट नाही, काही नाही. कुणी विचारलं पण नाही तिला.”

आणि आता ती हसली. पोट धरून, ऑपरेशनची जागा दुखते म्हणून कण्हत कण्हत हसली. रंगरावही हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कशाचं आहे हे त्यांनी लपवलं नाही.

“चुकलं माझं, लूर्दम्मा.”

“हं.”

“झगा दे. दुसरी बाही लावतो, मशिनवर पक्का शिवून देतो.”

लूर्दम्मानं मान हलवली. “नको. तो मी गेल्यावर शिवा. तुमच्या वडिलांच्या रीतीनं, हातानं, गाठ न मारता. तेव्हा मी काही म्हणायला येणार नाही.” तिनं बोट उगारलं. “तोवर माझ्या कापडाला गाठ मारायची. कळलं काय?”

“कळलं.”

ब्लाउज शिवायला रंगरावांनी दोन दिवस लावले. एका ब्लाउजला एवढा वेळ त्यांना शिकाऊ असतानाही लागला नव्हता. मशिनवर दुहेरी टीप घातली, प्रत्येक शिवणीच्या टोकाला मागे-पुढे करून ती पक्की केली, हातशिलाईच्या जागी गाठी मारल्या. मग लूर्दम्माला दुकानात बोलावलं.

ती आत जाऊन घालून आली. पोपटी रंगात तिचा काळवंडलेला चेहरा उजळून निघाला होता. इंदिराबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. “ह्याच्यावर साडी कुठली नेसणार?” त्यांनी विचारलं, आणि दोघींचा त्यावर बराच खल झाला. ब्लाउज अंगाबरोबर बसला होता. कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही.

ती बदलून आली आणि सवयीप्रमाणे तिनं ब्लाउज उलटा करून आतून बघितला. नर्स बाई, पट्टीसुद्धा दोन्ही बाजूंनी बघणारी. दोन्ही बगलांखाली आतल्या बाजूला कापडाच्या रुंद घड्या दाबून शिवलेल्या होत्या.

“एवढं कापड आत कशाला ठेवलात?”

“अंगात भरलीस की उसवून मोठा करून देतो,” रंगराव म्हणाले.

इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. आपले रिपोर्ट आपण वाचणारी बाई ती. तिनं ती घडी दोन बोटांत धरली, तिची रुंदी चाचपून बघितली, एका बाजूची आणि मग दुसऱ्या बाजूची.

“एवढंच?” ती म्हणाली. “आणखी ठेवायचं होतं की. क्रिसमसला मी केक खाणार आहे.”

“होय की. चुकलं.” रंगरावांनी खालच्या खणातून उरलेलं कापड काढून दाखवलं. “आहे. जोडून देतो.”

त्यांनी ब्लाउज परत घेतला, चष्मा चढवला आणि बगलेची शिवण उसवायला घेतली. गाठी पक्क्या होत्या, त्यामुळे वेळ लागत होता. लूर्दम्मा स्टूल ओढून समोर बसली. तिला काही घाई नव्हती.